घाटात गिअर काढू नका : पिकअप हातात घेतलेल्या नव्या ड्रायव्हरांसाठी

ब्रेकचं पेडल पायाखालून तळाला गेलं आणि फळीला टेकलं. नऊ वर्षं झाली, पण तो स्पर्श अजून माझ्या तळव्यात आहे. मे महिना, रात्रीचे अडीच, माळशेजचा बोगदा नुकताच मागे पडलेला, हौद्यात टोमॅटोचे पंच्याऐंशी क्रेट. पुन्हा पेडल दाबलं, पुन्हा तळाला. गाडी न्यूट्रलवर होती आणि काटा सत्तरच्या पुढे सरकत होता.

ओतूर-नारायणगावाकडून कल्याणला माल नेणाऱ्या पोरांसाठी हे लिहितोय. कोणी कुंभार्ली, आंबा किंवा कसारा घाटातून भाडी मारत असेल, तर त्यालाही हेच लागू आहे. स्टेअरिंग, क्लच, रिव्हर्स तुम्हाला येतं हे धरून चालतो. लायसनचं एवढंच, की ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं. आपली पिकअप त्यात सहज बसते. फिटनेस, इन्शुरन्स आणि पीयूसी मालकाच्या भरवशावर सोडू नका. तारखा स्वतः बघा, कारण नाक्यावर गाडीतून खाली तुम्हालाच उतरवतात.

मी गाडी शिकलो आमच्या वाडीतल्या एका जुन्या ड्रायव्हरच्या हाताखाली. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. रात्री झोप कशी ओळखायची, ताडपत्रीची गाठ कशी मारायची, आडतीवर क्रेट कसे मोजून द्यायचे, हे सगळं त्यांनीच शिकवलं. त्यांचा मी ऋणी आहे. पण खुबी फाटा मागे पडून उतार लागला, की गाडी न्यूट्रल करायला त्यांचा हात गिअरच्या दांड्यावर यायचा. "काढ की गिअर! डिझेल काय बापाचं आहे का?" तीस वर्षं त्यांनी असंच केलं होतं आणि त्यांना कधी काही झालं नव्हतं. ते ऐकून मीही तेच करायला लागलो. आज मला वाटतं, उस्तादाचं ऐकावं, पण ज्या गोष्टीचं कारण तो सांगू शकत नाही, तिथे थांबून स्वतः विचार करावा. "आजवर काही झालं नाही" हे कारण होत नाही.

त्या रात्री मी वरपासूनच गिअर काढलेला. प्रत्येक वळणाआधी ब्रेक, वळण संपलं की सोड, पुढच्या वळणाला पुन्हा ब्रेक. चार-पाच वळणांनंतर केबिनमध्ये जळकट, आंबूस वास आला. समोरच्या ट्रकचा असेल असं वाटून मी काच वर केली. हा वास नीट लक्षात ठेवा. क्लच प्लेट आणि ब्रेक लायनर (चाकाला घासून गाडी थांबवणारा थर) तापल्यावर सारखाच वास येतो. उतारावर तो आला तर तो तुमच्याच गाडीचा आहे असं समजा आणि जागा मिळेल तिथे थांबा. मी थांबलो नाही. पेडल आधी नरम झालं, स्पंजावर पाय दिल्यासारखं. त्याच्या पुढच्या वळणाला ते तळाला गेलं.

मग गिअर टाकायला गेलो तर पडेना. सत्तरच्या वेगात धावणारी गाडी आणि न्यूट्रलमध्ये नुसतं गुरगुरणारं इंजिन यांच्या फेऱ्यांचा मेळ बसत नव्हता, दांडा नुसता खरखरत होता. क्लच दाबून, जोरात रेस देऊन तिसरा टाकला. दुसऱ्या प्रयत्नात तो पडला. गाडीला हिसका बसला, इंजिन किंचाळलं, वेग थोडा उतरला. हँडब्रेक एकदम ओढला असता तर मागची चाकं जाम होऊन गाडी आडवी फिरली असती. म्हणून बटण दाबून धरलं आणि थोडा ओढ, थोडा सोड असं केलं. दुसरा गिअर पडला तेव्हा पुढचं चाक डोंगराच्या बाजूच्या गटारात घातलं. कडेच्या दगडाला घासत गाडी थांबली. क्रेटची वरची रांग रस्त्यावर सांडली. माझ्या शेजारी बसलेला शेतकऱ्याचा मुलगा एक शब्द बोलला नाही. त्याने फक्त माझा दंड धरून ठेवला होता. त्याचं बोटही दुखलं नाही, आणि त्याबद्दल मी आजही मनात हात जोडतो.

आता जी गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती, ती सविस्तर सांगतो, कारण खरा फास तिथेच आहे.

अर्ध्या-पाऊण तासाने मी पेडल दाबलं तर ते एकदम टाइट. ब्रेक पहिल्यासारखा. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने चारही चाकं खोलून बघितली. गळती नाही, पाइप धड, लायनर थोडे काळे पडलेले. "ब्रेक ओके आहे, तू घाबरला असशील," असं म्हणून त्याने मला घरी पाठवलं. मीही काही महिने तसंच समजत होतो.

घडलं होतं ते असं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. झाकण बंद असलं तरी रबराच्या होजमधून, सीलमधून दमटपणा आत मुरतच राहतो. डॉट ३ दर्जाचं नवं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा निकष आहे. त्यातच पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं, की निकषच १४० अंशांवर येतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. भरलेली पिकअप निव्वळ ब्रेकवर घाटातून उतरवली की चाकापाशी एवढी उष्णता सहज तयार होते. ऑइल उकळतं, त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र दाबली जाते, म्हणून पाय तळाला जातो आणि चाकाला काहीच कळत नाही. गाडी थंड झाली की वाफेचं पुन्हा ऑइल होतं, पेडल वर येतं, आणि पुरावा शिल्लक राहत नाही. गॅरेजमध्ये सापडला नाही तरी हा दोष खरा असतो. त्या गाडीचं ब्रेक ऑइल घेतल्यापासून कोणी बदललंच नव्हतं. पातळी कमी दिसली की वरून भर घालायची, एवढंच चाललं होतं.

ब्रेक ऑइल दोन वर्षांनी पूर्ण काढून नवं भरा, चारही चाकांकडच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून. टाकीच्या झाकणावर डॉट ३ लिहिलंय की डॉट ४, ते वाचा. अर्धवट उघडा राहिलेला डबा वापरू नका. आणि अडचणीला म्हणून तिथे इंजिन ऑइल किंवा दुसरं कुठलंही तेल घालू नका. आतले रबर फुगतात आणि सगळी यंत्रणा निकामी होते. लायनर बदलायला हजारो घालवणारे मालक या डब्यासाठी का रडतात, मला आजवर समजलेलं नाही.

आता डिझेल वाचण्याचं. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की कॉमन रेल, म्हणजे संगणकाने डिझेल सोडणाऱ्या नव्या इंजिनाचा संगणक डिझेलच बंद करतो. चाकं इंजिनाला फिरवत असतात, म्हणून ते बंद पडत नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल टाकावंच लागतं. म्हणजे गिअरमध्ये उतरताना डिझेल कमी लागतं, जास्त नाही. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांतही गव्हर्नर, म्हणजे पंपातला डिझेल कमी-जास्त करणारा भाग, असंच करायचा. अण्णांची बचत कधी खरी नव्हतीच. याहून वाईट म्हणजे काही जण इंजिनच बंद करतात. मग पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम मिळत नाही, दोन-तीन दाबांत पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टेअरिंगही जड होतं, आणि चावी पूर्ण मागे फिरून बाहेर आली तर स्टेअरिंग लॉक होऊ शकतं. असं करणाऱ्या गाडीत शेजारीसुद्धा बसू नका.

करायचं एवढंच. भरलेली गाडी ज्या गिअरात तो चढ चढेल, त्याच गिअरात तो उतार उतरवा. बहुतेक वेळा दुसरा किंवा तिसरा. गिअर उतार सुरू होण्याआधी टाका. वेग वाढल्यावर टाकायला गेलात तर माझ्यासारखी खरखर ऐकत बसाल. इंजिन गाडीला धरून ठेवील. तरी वेग वाढला तर ब्रेक ठामपणे दाबा, वेग उतरवा आणि पाय पूर्ण काढा. पेडलवर पाय नुसता ठेवून उतरू नका, त्याने लायनरला थंड व्हायला वेळच मिळत नाही. मागचा ट्रकवाला हॉर्न देईल, डिपर मारील. देऊ दे. जागा आली की बाजूला होऊन त्याला जाऊ द्या.

वजनाचं बोललं पाहिजे. पंच्याऐंशी क्रेट, प्रत्येकात वीस किलो माल, वर क्रेटचं वजन, म्हणजे अठराशे किलोच्या घरात. गाडी तेराशेची. "अजून दहाच घे रे, दादा," असं शेतकरी म्हणतो तेव्हा नाही म्हणणं जड जातं, कारण त्यालाही उन्हात माल टाकून चालत नाही. पण वजन वाढलं की उष्णता वाढते, थांबायला लागणारं अंतर वाढतं आणि मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) चपटे झाले की स्टेअरिंग हलकं पडतं. कायद्याने जादा वजनाला २०,००० रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. मी आता गाडीच्या कागदावरचा आकडा दाखवतो आणि हात जोडतो. दोन भाडी गेली, पण बाकीची टिकली.

रोजची देखभाल तुम्हाला ठाऊक असेल, म्हणून भरभर सांगतो. सकाळी सेल्फ मारण्याआधी, गाडी सपाट जागी असताना ऑइलची पट्टी बघा. कूलंटची पातळी बाटलीवर दिसते, त्यासाठी रेडिएटरचं झाकण उघडू नका. गरम असताना तर कधीच नाही. आत दाबाखालचं उकळतं पाणी असतं, ते थेट तोंडावर येतं. टायरची हवा भरलेल्या आणि रिकाम्या गाडीला वेगळी लागते, आकडे स्टिकरवर किंवा पुस्तकात असतात. चाक बदललं की पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा. पाट्यांचे यू-बोल्ट महिन्यातून एकदा बघा. ज्या रस्त्यावर धूळ जास्त, तिथे एअर फिल्टर पुस्तकातल्या अंतराची वाट न बघता साफ करा. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, मिनिट-दोन मिनिटं नुसतं चालू ठेवा. टर्बोचा दांडा ऑइलवर फिरतो, आणि इंजिन बंद झालं की ऑइलही बंद होतं.

डिझेल फिल्टरखालचा पाणी काढायचा स्क्रू मात्र विसरू नका. पावसाळ्यात, आणि घरी जारमध्ये साठवलेलं डिझेल वापरत असाल तर नक्कीच, तिथे पाणी साचतं. डॅशबोर्डवर फिल्टरचा दिवा लागला तर त्याच दिवशी ते पाणी काढा. कॉमन रेलचे इंजेक्टर पाण्याने खराब झाले की त्यांचा खर्च एका हंगामाची कमाई खाऊ शकतो. टाकी कोरडी पडेपर्यंतही चालवू नका. गाडी एअर धरते, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरते, आणि मग रात्री रस्त्याच्या कडेला हाताने पंप मारत बसावं लागतं.

आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरू नका. हे रागाने लिहितोय. "दोन मिनिटांचं काम आहे" म्हणून खाली गेलेला माणूस मी पाहिला आहे, आणि त्याच्या घरीही गेलो आहे. लाकडी ठोकळे किंवा घोडे (लोखंडी टेकू) लावा, दुसऱ्या चाकांना पुढे-मागे दगड लावा. नसतील तर काम उद्यावर टाका.

एवढं वाचून कोणी म्हणेल, ही लाइनच नको. तसं नाही. सगळं नीट असलेली पिकअप फार गुणी गाडी आहे. घाटात ती दुसऱ्या गिअरात शांतपणे उतरते. पायाला काही काम राहत नाही आणि कानाला इंजिनाचा एकसारखा आवाज येत राहतो. त्या रात्रीनंतर तीन आठवडे मी घाटाकडे फिरकलो नाही, कल्याणची भाडी दुसऱ्याला दिली. परत गेलो तेव्हा हात थरथरत होते. चार खेपांनंतर थांबले. भीती वाटत असेल तर ती लपवू नका, मालकाला सांगा. ती ऐकून हसणाऱ्या मालकाकडे काम न केलेलं बरं.

पहिली खेप रिकाम्या गाडीने करा, दिवसा, पावसाळ्याआधी. जुलै-ऑगस्टमध्ये माळशेजला धुकं, दरडी आणि धबधब्यावर आलेली गर्दी, तिन्ही एकदम असतात, तो शिकायचा काळ नव्हे. वर सपाटीला बाजूला थांबा, पेडल तीन वेळा दाबून बघा, दुसरा गिअर टाका आणि मगच उताराला लागा. खाली सावर्ण्याला पोचलात की थांबून चाकांजवळ तळहात न्या, टेकवू नका. ऊब जाणवली तर ठीक. धग लागली तर ब्रेक जास्त वापरला. पुढच्या खेपेला तिथेच कमी वापरायचा. दोन-चार खेपांत हाताला फरक कळायला लागतो. त्यानंतर निम्मा माल भरा, आणि मग पूर्ण.