गडद तपकिरी भिंत: रंगाचा डबा उघडण्याआधी

शेडकार्ड हातात घेण्याआधी भिंत ठरवा. हॉलमधली एकच भिंत रंगवायची असेल तर खिडकीच्या समोरची घ्या. खिडकी जिच्यात आहे ती नको; बाहेरचा उजेड डोळ्यांवर येतो आणि भोवतीचा चॉकलेटी रंग भर दुपारी काळाच दिसतो. अख्खी खोली गडद करायची हौस असेल तर बेडरूम बरी.

मग ओल बघा. पावसाळा सरून भिंती नीट वाळेपर्यंत, म्हणजे दसऱ्याच्या आगेमागे, थांबा. पांढऱ्या भिंतीवर फुललेला क्षार चटकन नजरेत येत नाही, तपकिरीवर त्याचे ढग दारातूनच दिसतात. बाथरूमला लागून भिंत असेल तर आधी प्लंबर, मग पेंटर. जुन्या रंगावरून ओला हात फिरवा. बोटांना भुकटी लागली तर तो डिस्टेंपर, म्हणजे खडूच्या भुकटीचा स्वस्त रंग आहे. खरवडून काढा, नाहीतर वरचं इमल्शन, म्हणजे नवा प्लास्टिक रंग, पापुद्र्यांनी सुटेल.

दिव्यांचं कामही लांबी (पुट्टी) भरण्याआधीच उरकायचं, नंतर कोण भिंत फोडणार? पांढरा रंग अंगावर पडलेल्या उजेडातला 80 टक्क्यांहून जास्त परत फेकतो, गडद तपकिरी बहुधा 10 टक्केही नाही. त्यामुळे छताला एकच दिवा असेल तर संध्याकाळी खोली उदास वाटते. भिंतीवर आणखी एक-दोन पॉइंट काढा आणि बल्ब 2700 ते 3000 केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे घ्या. 6500 ची पांढरी ट्यूब तपकिरीतली ऊब काढून घेते.

लांबीत मात्र कंजुषी नको. पेंटर ‘एवढं चालतंय’ म्हणेल, तेव्हा रात्री मोबाइलचा टॉर्च भिंतीला टेकवून आडवा उजेड पाडा. सावली पडेल तिथे पेन्सिलने खूण करा, पुन्हा लांबी, पुन्हा पॉलिश पेपर. फिनिश मॅटच; चकाकीच्या रंगात प्रत्येक उंचवटा चुगली करतो. मॅटवर सारखं घासलं की चकचकीत पट्टे उठतात हे खरं, म्हणून सोफा भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

आता शेड. तपकिरी लालाकडे झुकतो, पिवळ्याकडे किंवा राखाडीकडे, आणि दुकानात हे कळत नाही. छोटा डबा आणून मोठ्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा. वाळला की तो सकाळी, दुपारी आणि दिवे लावल्यावर भिंतीशी धरून बघा. घरात सागवानी कपाट असेल तर त्याच्या जवळची छटा टाळा, कपाट भिंतीत बुडतं. पितळी समई मात्र अशा भिंतीपुढे जी उठून दिसते, ती पांढऱ्यापुढे कधीच नाही.

रंग एकाच वेळी, एकाच दुकानातून, तिसऱ्या हाताला पुरेल इतका मिसळून घ्या आणि सगळे डबे एका बादलीत एकत्र करा. प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, तोही राखाडी किंवा तपकिरी करून मागा. छत आधी संपवा. मास्किंग टेप शेवटचा हात थोडा ओला असतानाच काढायची. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यात भरून त्यावर शेडचा कोड मार्करने लिहा. पुढे ओरखडा दिसला तर तेवढाच ठिपका रंगवू नका, तो वेगळा दिसतो. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतीवर एक हात फिरवा.