दम लागलेल्या रुग्णाला पालथे कसे झोपवावे

न्यूमोनियात ऑक्सिजन कमी पडू लागला की रुग्णाला उताणे निजवले जाते. नेमके तेच टाळावे. फुफ्फुसाचा मोठा भाग पाठीकडे असतो. उताणे पडल्यावर हृदय आणि पोट त्या भागावर दाब देतात, तिथल्या हवेच्या पिशव्या मिटतात, रक्त मात्र वाहतच राहते आणि ऑक्सिजन न घेता परतते. पालथे केले की तो भाग उघडतो.

ऑक्सिमीटर ९४ च्या खाली गेला की आधी डॉक्टरांना कळवा. रुग्ण शुद्धीवर आणि स्वतः कूस बदलू शकणारा असेल तरच पुढचे करा. जेवणानंतर तासभर थांबा. गर्भवती, गंभीर हृदयविकार, पायात रक्ताची गुठळी, मणका किंवा मांडीचे हाड मोडलेले, अशांना पालथे करू नका.

उशा चार-पाच लागतात: एक मानेखाली, एक छातीखाली, एक कमरेच्या हाडांखाली, दोन नडग्यांखाली. चूक होते ती पोटाशी. जाड, मऊ गादीत पोट रुतते, श्वासपटल खाली सरकत नाही आणि रुग्ण म्हणतो, "जास्तच गुदमरतंय." पोटाखाली तळहात सहज सरकला पाहिजे. मान एका बाजूला वळवा, त्याच बाजूचा हात डोक्याशी वर, दुसरा अंगालगत.

मग पालथे, उजवी कूस, पाठ टेकून ताठ बसणे, डावी कूस असा क्रम ठेवा; प्रत्येक स्थितीत ३० मिनिटे ते २ तास, सोसेल तेवढेच. २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कोविड रुग्णांना हाच क्रम सांगितला होता. दर बदलानंतर १५ मिनिटांनी आकडा बघा. घसरला तर प्रथम ऑक्सिजनची नळी गालाखाली किंवा छातीखाली चेपली आहे का ते पाहा. गार बोट आणि नेलपॉलिशही आकडा चुकवतात.

नळी ठीक असूनही आकडा ९२ किंवा त्याखाली, मिनिटाला ३० हून जास्त श्वास, ओठ निळसर, बोलण्यात गोंधळ किंवा गुंगी दिसली तर उशा रचत बसू नका. १०८ ला फोन करा. आकडा जरा सुधारला म्हणून रुग्णालयात जाणे लांबवणे हा यातला सर्वांत मोठा धोका आहे.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला पालथे करणे हे प्रशिक्षित चमूचेच काम. २०१३ च्या 'प्रोसेव्हा' चाचणीत फुफ्फुसे गंभीर निकामी झालेल्यांना सलग किमान १६ तास पालथे ठेवल्यावर २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ वरून १६ टक्क्यांवर आले.

ज्यांना पालथे जमतच नाही त्यांनी खुर्चीत बसून समोरच्या टेबलावर दोन उशा ठेवाव्यात आणि त्यांवर कोपरे टेकून पुढे झुकावे. जुनाट दमेकऱ्यांना यानेच अधिक आराम पडतो.