दिव्यांगांचे मासिक अर्थसहाय्य थांबू नये यासाठी काय करावे

संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० पासून चालू आहे. खेड्यापाड्यांत तिच्या रकमेला आजही ‘पगार’ म्हणतात. हा पगार २०२४ च्या अखेरीपासून थेट आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होऊ लागला. त्यानंतर दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्राची, म्हणजे यूडीआयडी कार्डाची नोंद मागितली जाऊ लागली, बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आल्यामुळे पडताळण्या वाढल्या, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम दरमहा १५०० रुपयांवरून २५०० रुपये करण्याचा निर्णय घेतला. वाढ स्वागतार्ह आहे आणि थेट जमा करण्यामागचा हेतूही मला मान्य आहे. परंतु या प्रत्येक बदलात ‘मी पात्र आहे’ हे पुन्हा सिद्ध करण्याचे काम दिव्यांग व्यक्तीच्या अंगावर आले आहे. मी स्वतः पोलिओमुळे लहानपणापासून कुबडी वापरतो आणि गेली काही वर्षे गावातील लोकांचे अर्ज लिहून देतो. पैसे बंद पडलेली जी माणसे माझ्याकडे येतात, त्यांच्यापैकी बहुतेक पात्र असतात. फक्त त्यांच्या कागदांचा कुठेतरी एकमेकांशी मेळ बसलेला नसतो. हा मेळ कसा राखावा आणि पैसे थांबलेच तर काय करावे, ते येथे लिहीत आहे.

प्रथम बँक खाते पाहावे

खाते आधारला ‘लिंक’ असणे आणि त्या खात्यात शासनाचे अनुदान येऊ शकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सर्वांत जास्त घोटाळा येथेच होतो. अनुदानासाठी एका आधार क्रमांकाला एका वेळी एकच बँक जोडलेली असते. आपण सर्वांत शेवटी ज्या बँकेत तशी संमती दिली असेल, तेथे रक्कम जाते, मग आपल्या हातातले पासबुक कोणत्याही बँकेचे असो.

आमच्या शेजारच्या एका अंध मुलीचे पैसे सहा महिने ‘आले नाहीत’. तिची आई जिल्हा बँकेचे पासबुक घेऊन दर आठवड्याला शाखेत जात होती. शेवटी आम्ही आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’, म्हणजे अनुदानासाठी आधारला कोणती बँक जोडली आहे ते, उघडून पाहिले, तेव्हा तेथे भलत्याच बँकेचे नाव दिसले. मोबाइलचे सिमकार्ड घेताना दुकानदाराने तिचा अंगठा दोनदा घेतला होता आणि दुसऱ्या अंगठ्याने तिचे नवे खाते उघडले गेले होते. सहाही हप्ते त्या खात्यात तसेच पडून होते. म्हणून पैसे थांबल्यावर तहसीलला धाव घेण्याआधी ही स्थिती तपासावी. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल जवळ लागतो, कारण त्यावर ओटीपी येतो. दुसऱ्याच बँकेचे नाव निघाले तर ज्या बँकेत पैसे हवे आहेत तेथे आधार सीडिंगचा संमतीपत्राचा अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि काही दिवसांनी स्थिती पुन्हा पाहावी. केवायसी, म्हणजे बँकेकडची ओळखीची पडताळणी, जुनी झाल्यामुळे खाते गोठलेले नाही ना, हेही त्याच फेरीत विचारून घ्यावे.

ज्यांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत किंवा ज्यांना डोळ्यांची उघडझाप करून छायाचित्र देणे शक्य नाही, त्यांनी यंत्रापुढून निमूटपणे परत येऊ नये. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणे हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला आहे आणि केवायसीसाठी दिव्यांगांना पर्यायी पद्धती देण्याचे निर्देश दिले आहेत. अॅसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या एका महिलेला पापण्या मिटता येत नाहीत म्हणून बँकेने खाते नाकारले होते, त्यातून हे प्रकरण उभे राहिले. दिव्यांग खातेदारांना घरपोच मूलभूत सेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितले आहे. शाखा व्यवस्थापकाला या दोन्ही गोष्टी लेखी अर्जात नमूद करून द्याव्यात. तोंडी विनंती काउंटरवरच विरते.

प्रमाणपत्र, टक्केवारी आणि कार्ड

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा एप्रिल २०१७ मध्ये लागू झाला आणि दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. बहुतेक योजनांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. त्यामुळे फेरतपासणीत टक्केवारी ३८ किंवा ३९ वर आली तर तेवढ्याने घरातील पैसा बंद होऊ शकतो. टक्केवारी ठरवणाऱ्या वैद्यकीय मंडळासमोर जाताना सर्व जुने उपचारपत्र, एक्स-रे, श्रवणचाचणी, चष्म्याचा नंबर, जे काही असेल ते सोबत न्यावे आणि एकापेक्षा अधिक दिव्यांगत्वे असतील तर प्रत्येकाचे मूल्यमापन करण्याची विनंती करावी. दोन टक्केवाऱ्यांची सरळ बेरीज होत नाही. मोठी टक्केवारी ९० मधून वजा करून उरलेल्या आकड्याने लहान टक्केवारीला गुणतात, ९० ने भागतात आणि येणारा आकडा मोठ्या टक्केवारीत मिळवतात. उदाहरणार्थ, पायाचे ३० आणि कानाचे २० टक्के असतील, तर ९० मधून ३० गेल्यावर ६० उरतात, २० ला ६० ने गुणून ९० ने भागल्यावर साधारण १३ येतात आणि एकूण साधारण ४३ टक्के होतात. केवळ पायाचे कागद दाखवणारा माणूस अपात्र ठरतो आणि दोन्हींचे दाखवणारा पात्र ठरतो, इतका हा फरक मोठा आहे.

मंडळाचा निर्णय चुकीचा वाटल्यास ९० दिवसांत राज्यस्तरीय अपिलीय प्राधिकाऱ्याकडे अपील करता येते, म्हणून निर्णयाची तारीख असलेला कागद जपून ठेवावा. प्रमाणपत्र तात्पुरते असेल तर त्यावरील मुदतीची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवावी आणि मुदत संपण्याच्या दोन-तीन महिने आधीच यूडीआयडी कार्डाच्या ‘स्वावलंबन’ पोर्टलवर नूतनीकरणाचा अर्ज करावा, कारण मुदत संपली की पैसे लगेच अडतात आणि नवे प्रमाणपत्र मिळायला मात्र वेळ लागतो.

यूडीआयडी कार्डावरील नाव आधारवरील नावाशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे. आपल्याकडे वडिलांचे किंवा पतीचे नाव मधे येते. आधारवर ते असते आणि कार्डावर नसते, किंवा लग्नानंतर एकीकडे आडनाव बदललेले असते आणि दुसरीकडे जुनेच राहते. ही दुरुस्ती पडताळणीची नोटीस येण्याआधी करून घ्यावी, कारण नोटिशीनंतर दुरुस्तीसाठी हातात फार थोडे दिवस उरतात.

वाढीव रकमेबाबत एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. दिव्यांग असलेली विधवा महिला अनुदान योजनेच्या पोर्टलवर ‘विधवा’ या प्रकारात नोंदलेली असेल तर तिला १५०० रुपयेच मिळत राहतात. तिने यूडीआयडी कार्डाची प्रत जोडून ‘माझी नोंद दिव्यांग प्रवर्गात करावी’ असा अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत द्यावा. पासष्टीनंतर वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेत गेलेल्या दिव्यांगांनीही आपली नोंद अशीच तपासून घ्यावी.

उत्पन्नाची अट

दिव्यांग अर्जदारासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे, म्हणजे संपूर्ण घराचे मिळून महिन्याला साधारण ४,१६७ रुपये. घरात एक माणूस नियमित मजुरीला जात असेल तरी हा आकडा ओलांडला जातो, आणि मला या साऱ्या रचनेतील सर्वांत अन्यायकारक गोष्ट हीच वाटते. रक्कम वाढवून मर्यादा तशीच ठेवली, तर वाढीचा लाभ मोजक्याच घरांपर्यंत पोहोचतो. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतनाचेही तेच आहे. त्याला ८० टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालील नोंद लागते, आणि केंद्राचा वाटा २०१२ पासून ३०० रुपयांवर थांबला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचे कलम २४ तर असे सांगते की, इतरांसाठीच्या तशाच योजनेपेक्षा दिव्यांगांना किमान २५ टक्के अधिक रक्कम मिळावी. तरीही कायदा लागू झाल्यानंतर कित्येक वर्षे महाराष्ट्रात दिव्यांगांना इतर निराधारांइतकेच पैसे मिळत होते. ग्रामसभेत किंवा लोकप्रतिनिधीला निवेदन देताना या कलमाचा उल्लेख जरूर करावा.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी खोटा आकडा सांगू नये, कारण पुढील पडताळणीत वसुली निघू शकते. मर्यादेमुळे अपात्र ठरलेल्या कुटुंबांनी ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेच्या स्वउत्पन्नातील ५ टक्के दिव्यांग निधीची चौकशी करावी. हा निधी खर्च झाला का, कोणाला मिळाला, हे माहिती अधिकारात १० रुपयांचा शुल्क मुद्रांक लावून विचारता येते.

मूल अठरा वर्षांचे होताना

बौद्धिक दिव्यांगत्व, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलाचे पालक अठराव्या वाढदिवसानंतर कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. खाते चालवण्यासाठी अडचण येऊ नये म्हणून १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करावा. अठरा पूर्ण होताच तो देता यावा म्हणून कागदांची तयारी आदल्या वर्षीच करावी.

पैसे थांबले तर

संजय गांधी शाखेत गेल्यावर ‘वरून आले नाहीत’ एवढ्या उत्तरावर परत फिरू नये. पुढील मजकुराचा अर्ज दोन प्रतींत न्यावा: ‘माझे अमुक महिन्यांचे अर्थसहाय्य जमा झालेले नाही. पोर्टलवरील माझ्या नोंदीची स्थिती, रक्कम नाकारली गेली असल्यास त्याचे कारण आणि मी करावयाची पूर्तता लेखी कळवावी.’ खाली यूडीआयडी क्रमांक, मोबाइल क्रमांक आणि तारीख लिहावी. एक प्रत आवक कक्षात द्यावी आणि दुसरीवर शिक्का, सही व आवक क्रमांक घ्यावा. मला स्वतःला एका कार्यालयाने ‘तुमचा हयातीचा दाखला आलाच नाही’ असे सांगितले होते. तेव्हा मी पिशवीतून आवक क्रमांकाची प्रत काढून टेबलावर ठेवली, आणि दहा मिनिटांत दाखला त्यांच्याच कपाटातील गठ्ठ्यात सापडला. कार्यालय जिन्यावर असेल आणि चढणे शक्य नसेल, तर अर्ज पोच पावतीसह टपालाने पाठवावा. मूळ कागद किंवा ओटीपी मात्र कोणत्याही दलालाच्या हाती देऊ नये.

उत्तर आले नाही तर पुढचा टप्पा दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातच दिला आहे.   पुण्यातील राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करण्याचा मार्ग आहे. साक्षीदार बोलावणे आणि कागदपत्रे मागवणे याबाबत त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. तक्रार साध्या कागदावर, मराठीत आणि दोन पानांत लिहावी. त्यात घटना तारखेच्या क्रमाने मांडाव्यात आणि प्रत्येक तारखेपुढे त्या दिवशीच्या पोचपावतीची छायाप्रत जोडावी.