मराठीत ट्युरिंग चाचणी कशी घ्यायची: तीन खोल्या, एक निरोप्या, तीस फेऱ्या

समोर यंत्र आहे हे आधीच माहीत असताना मारलेल्या गप्पांतून काहीच सिद्ध होत नाही. यंत्र गप्पांत माणूस म्हणून खपतं का हे बघायला गणितज्ञ ॲलन ट्युरिंगनं १९५० साली 'माइंड' या नियतकालिकात मांडलेल्या खेळाचं आज वापरात असलेलं रूप असं आहे: एक परीक्षक, पडद्याआड एक माणूस आणि एक यंत्र, म्हणजे गप्पा मारणारा संगणक-प्रोग्रॅम. दोघंही 'माणूस मीच' असं पटवणार आणि परीक्षकानं त्यातला एक निवडायचा. सॅन दिएगो इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जोन्स आणि बर्गन या संशोधकांनी हाच तिघांचा खेळ घेतला. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निकालात परीक्षकांनी जीपीटी-४.५ या प्रोग्रॅमला ७३ टक्के वेळा माणूस ठरवलं. पण ती संभाषणं इंग्रजीत होती. मराठीचं उत्तर मराठीतच काढावं लागतं, आणि नागपुरातल्या कोणत्याही कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये ते काढता येतं.

खोल्या तीन लागतात: एकीत परीक्षक, दुसरीत साक्षीदार म्हणजे खरा माणूस, तिसरीत यंत्र चालवणारा. मध्ये एक निरोप्या हवा. ही सोय ट्युरिंगनंच सुचवली होती, टेलिप्रिंटर नसेल तर मध्यस्थानं प्रश्नोत्तरं पोचवावीत अशी. व्हॉट्सॲपवर थेट बोलू देऊ नका. 'टायपिंग' दिसतं, डीपी दिसतो, आणि उत्तर दोन सेकंदांत आलं की खेळ तिथंच संपतो. निरोप्यानं दोन्ही उत्तरं हातात आल्यावर ती एकदमच परीक्षकाच्या 'अ' आणि 'ब' या खिडक्यांत साध्या मजकुरात चिकटवायची. मजकुराला हात लावायचा नाही. साक्षीदाराची शुद्धलेखनाची चूक जशीच्या तशी जाऊ द्या. अशा व्यवस्थेत मिनिटं मोजण्यात अर्थ नसतो, म्हणून प्रत्येक फेरीत आठ प्रश्न ठेवा. 'अ' कोण आणि 'ब' कोण हे दर फेरीला नाणं उडवून ठरवा.

लिपी आधीच पक्की करा. आपली बहुतेक मुलं फोनवर रोमन लिपीत मराठी लिहितात. साक्षीदार रोमनमध्ये आणि यंत्र देवनागरीत असं झालं तर पहिल्याच ओळीत निकाल लागतो. देवनागरी ठेवा आणि साक्षीदाराला त्याचा नेहमीचा कीबोर्ड वापरू द्या.

सगळ्यात जास्त चाचण्या फसतात त्या साक्षीदारामुळे. एकाच वर्गातली मुलं घेतली की परीक्षक मित्राची भाषा लगेच ओळखतो, म्हणून साक्षीदार दुसऱ्या कॉलेजचे किंवा दुसऱ्या वस्तीतले आणा, निदान सहा जण, वेगवेगळ्या वयाचे. त्यांना एकच गोष्ट नीट समजावून सांगा: तुमचं काम माणूस आहात हे पटवणं, यंत्राची नक्कल करून मजा घेणं नाही. फोनवर शोधाशोध बंद. फार हुशार साक्षीदारही उलटा पडू शकतो. १९९१ मध्ये बोस्टनला झालेल्या पहिल्या लोबनर स्पर्धेत (तीही अशाच चाचणीची) शेक्सपिअरवर अस्खलित उत्तरं देणाऱ्या बाईंना काही परीक्षकांनी यंत्र ठरवलं होतं. एवढं कुणाला माहीत असतं, हे त्यांचं कारण.

यंत्राला भूमिका दिल्याशिवाय चाचणी घेऊ नका. सॅन दिएगोच्या प्रयोगात भूमिकेची सूचना काढून घेतल्यावर तेच जीपीटी-४.५ ७३ वरून ३६ टक्क्यांवर आलं. सूचना साधारण अशी लिहा: 'तू २० वर्षांची, नागपुरात वाढलेली, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. फोनवर टाइप करते आहेस, जरा कंटाळलेली आहेस. उत्तर बारा शब्दांच्या आत. माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हण. यादी नको, आणखी काही मदत हवी का असं विचारू नको.' 'मराठी माझी मातृभाषा नाही' अशी पळवाट मात्र भूमिकेत ठेवू नका. २०१४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत युजीन गूस्टमन या प्रोग्रॅमनं ३० पैकी १० परीक्षकांना फसवलं. तो स्वतःला ओडेसाचा १३ वर्षांचा मुलगा म्हणवत होता, त्यामुळे त्याचं मोडकं इंग्रजी खपून गेलं.

नागपूरची बोली घालायला गेलात तर यंत्र लगेच अति करतं. दर वाक्यात 'बावा', 'काहून बे', आणि मध्येच कोल्हापूरकडचं 'लई'. आपल्याकडं शिकलेला माणूस अनोळखी व्यक्तीशी असा बोलत नाही. तो बऱ्यापैकी प्रमाण भाषेत सुरू करतो आणि घाईत असला की घरची भाषा निसटते. अशा निसटण्याकडं परीक्षकानं कान ठेवावा. नागपूरची मुलगी पटकन 'मी काल बर्डीवर गेली होती' असं लिहून जाते. यंत्र बहुधा पुस्तकी 'गेले होते' लिहितं. यावरून एकदम निकाल देऊ नये, कारण शाळेत घटवलेल्या मुलीही 'गेले' लिहितात.

प्रश्नांचं काय? नुसते माहितीचे प्रश्न वाया जातात. तर्री पोहा, सावजी, झिरो माईल, यंत्राला सगळं पाठ आहे. 'तुमच्या खिडकीतून काय दिसतं' हाही वाया, कारण खरंखोटं तपासायची सोय नाही. चुकीचं गृहीत धरून विचारा: 'मारबत पोळ्याच्या आदल्या दिवशी निघते, तेव्हा तुम्ही कुठं उभे राहता?' नागपूरकर 'आदल्या नाही हो, दुसऱ्या दिवशी' एवढं म्हणून पुढं जाईल. यंत्र एक तर चूक पचवून गर्दीचं वर्णन करतं किंवा मिरवणुकीतल्या पिवळ्या आणि काळ्या मारबतीच्या पुतळ्यांचा अख्खा इतिहास सांगतं. 'भाजीत सांबार जास्त झाला, काय करू?' हाही चांगला. आपल्याकडं सांबार म्हणजे कोथिंबीर. यंत्राला शब्द माहीत असला तरी प्रश्नाच्या ओघात ते इडलीबरोबरच्या सांबाराकडं घसरू शकतं.

तिसरा प्रकार अक्षरांचा: 'नागपूर उलटं लिहा.' माणूस तोंडानं म्हणून बघतो आणि 'रपूगना' लिहितो. असे प्रोग्रॅम ज्यावर चालतात ते भाषा-मॉडेल मजकूर अक्षरांत नव्हे तर तुकड्यांत वाचतं, त्यामुळं एखादी मात्रा भलत्याच अक्षरावर बसू शकते. नवी मॉडेल्स बऱ्याचदा हे बरोबर करतात, म्हणून आठपैकी एकच प्रश्न यावर घालवा. गणितावर विसंबू नका. ट्युरिंगच्या लेखातल्या नमुना संवादातच ३४९५७ आणि ७०७६४ यांची बेरीज अर्ध्या मिनिटानं १०५६२१ अशी येते. खरी बेरीज १०५७२१. माणसासारखं चुकणं यंत्रालाही जमतं.

दहा परीक्षक, प्रत्येकी तीन फेऱ्या, म्हणजे तीस निर्णय होतात. प्रत्येक निर्णयासोबत खात्री शंभरपैकी किती आणि कोणत्या उत्तरावरून ठरवलं, हे लिहून घ्या. सगळ्या फेऱ्या होईपर्यंत निकाल सांगू नका आणि चहाच्या वेळी परीक्षकांना आपसात बोलू देऊ नका. एकाची युक्ती सगळ्यांनी उचलली की तीस निर्णय स्वतंत्र राहत नाहीत.

तीसपैकी १० ते २० वेळा यंत्राला माणूस ठरवलं गेलं, तर परीक्षकांना फरक कळला असं म्हणता येत नाही; नाणं उडवूनही एवढं येतं. ९ किंवा कमी आले तर यंत्र ओळखू येतंय. २१ किंवा जास्त आले तर ते खऱ्या माणसापेक्षा जास्त माणूस वाटतंय, आणि तेव्हा आधी साक्षीदारांची उत्तरं वाचा. एकाच साक्षीदाराच्या फेऱ्यांत यंत्र सारखं जिंकत असेल, तर त्याच्या फेऱ्या बाजूला काढून मोजा आणि त्या जागी नवे साक्षीदार घेऊन तेवढ्याच फेऱ्या पुन्हा घ्या.