प्रोजेक्ट गाडीची फायरवॉल: पत्रा न फुगवता कशी बसवावी

इंजिन आणि केबिन यांच्यामधली पत्र्याची भिंत म्हणजे फायरवॉल; जुनी कापून नवी बसवायची आहे. इंजिन बाहेर, डॅशबोर्ड बाहेर, बॅटरी काढलेली. इथून पुढचं सांगतो.

ग्राइंडर लावण्याआधी चेसिस नंबर शोधा. बऱ्याच गाड्यांत तो फायरवॉलवरच ठोकलेला असतो. तेवढा भाग जागेवर ठेवा आणि नवा पत्रा त्याच्या भोवतीने आणा. तो कापून दुसरीकडे जोडलात तर आरटीओत काय सांगणार? पद्मिनीसारख्या गाडीला वेगळी चेसिस, म्हणजे खालचा स्वतंत्र सांगाडा, नसते, बॉडीच भार पेलते. म्हणून आधी दारांच्या चौकटीत पाइपचे टेके वेल्ड करा, मग कापा.

फर्मा जाड पुठ्ठ्याचा. पत्रा १.२ मिमी सीआरसीए (कोल्ड-रोल्ड पोलादी पत्रा), मुंबईत दारूखान्याच्या लोखंड बाजारात नाहीतर कळंबोलीत. गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेला) नको, वेल्डिंगला जस्ताचा धूर निघतो आणि रात्री ताप भरू शकतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. आग अडवायच्या भिंतीला ते सुचवणाऱ्याने आधी स्वतः त्या गाडीत बसावं. सपाट भागावर बीड, म्हणजे पत्रा ताठ ठेवणाऱ्या उभारलेल्या रेघा, काढून घ्या. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमागे ३ मिमी प्लेट हवीच, नाहीतर पेडल दाबलं की पत्राच लवतो आणि ब्रेक मऊ लागतो.

आता वेल्डिंग. चांगल्या कामाची वाट लागते ती इथे. "एका दमात मारून देतो, शेठ," असं म्हणणाऱ्याच्या हातात गन देऊ नका. सलग वेल्ड ओढली की तापलेला पत्रा पसरू बघतो, भोवतीचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही. गार होताना वेल्ड आकसते आणि मधला भाग पापडासारखा फुगतो. अंगठा दाबला की टक्‌ करून आत, सोडला की टक्‌ करून बाहेर. पुट्टीने हे झाकलं जात नाही. गाडी चालू झाली की हाच पत्रा केबिनमध्ये घुमत राहतो.

म्हणून कडेला १५ मिमीची पट्टी दुमडा, तिला ६-७ मिमीची भोकं पाडा, सांध्यात वेल्ड-थ्रू प्रायमर (ज्यावरून वेल्ड करता येतं असा) मारा आणि सेल्फ-टॅपिंग स्क्रूने घट्ट आवळा. सीओटू वेल्डिंग, वायर ०.८ मिमी. एक भोक वेल्डने भरलं की शेजारचं भरू नका, थेट समोरच्या कोपऱ्यात जा. पत्र्याला उघडा हात लावता आला तरच त्या बाजूला परत या. ओलं फडकं मारून गार करायचा सल्ला सगळीकडे ऐकू येतो; माझ्या गाडीला कुणी मारू नये. कंटाळा आला तर चहा घ्या. एवढं करूनही कुठे ओढ बसली, तर गार वेल्डखाली डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) धरून वरून हलके ठोके द्या; आकसलेलं पसरतं. आणि वेल्ड घासताना ग्राइंडर एकाच जागी दाबून धरू नका, त्यानेही पत्रा तितकाच तापतो.

प्रायमर त्याच दिवशी. जुलैत उघडा सीआरसीए रात्रभर ठेवला तर सकाळी त्यावर तुमच्याच बोटांचे तांबूस ठसे दिसतील.

सांध्यांवर दोन्ही बाजूंनी सीम सीलर, म्हणजे फट बुजवणारा लेप. वायरीच्या प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेला बसणारं कडं. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर हव्या त्या मापाचे मिळतात.

मॅट टाकण्याआधी रात्री इंजिनच्या बाजूला दिवा लावून केबिनमध्ये अंधारात बसा. जिथून उजेड येतो तिथून धूर आणि पावसाचं पाणीही येणार. खडूने खूण करा, बुजवा, पुन्हा बघा.