कॅम्पर व्हॅनच्या आत सायकली कशा न्यायच्या

सायकली मागच्या रॅकवर लावून कोकणात जाणाऱ्यांना माझा एकच प्रश्न असतो, दाभोळ-धोपावेची फेरीबोट कशी चढणार? उताराच्या टोकाला लांब गाडीची मागची बाजू आधीच जमिनीला टेकायला येते, त्यात दीड फूट बाहेर आलेला रॅक. शिवाय नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले जातात, समुद्राकाठी एक रात्र उभं राहिलं की चेनवर गंज दिसतो, आणि धाब्यावर जेवताना निम्मं लक्ष बाहेर असतं. फोर्स ट्रॅव्हलर व्हॅनवर बनवलेली, आत झोपायची सोय असलेली कॅम्पर असेल आणि मागे आडवा बेड असेल, तर सायकली बेडखालीच न्या.

पण आत नेणं म्हणजे आत कोंबणं नव्हे. ‘गादीवर आडवी टाक, वर चादर घाल’ असं सांगणाऱ्याचं अजिबात ऐकू नका, डिस्क ब्रेकचा रोटर (चाकावरची पातळ चकती) आणि डिरेलरचा हँगर (गिअर बदलणारा भाग धरणारा मागचा तुकडा) वाकवायची ती खात्रीची रीत आहे. छताला हुक लावून टांगायचं पण नाही. कॅम्परचं आतलं छत पातळ पॅनेलचं असतं आणि घाटाच्या प्रत्येक वळणावर सायकल झोका घेते.

आधी मापं घ्या. पुढचं चाक काढलं की रोड बाइक साधारण १४० सेमीत बसते, २९ इंची चाकांच्या एमटीबीला (माउंटन बाइकला) १५५ च्या आसपास लागतात. सीट खाली केली तर बेडखाली १ मीटर उंची बहुतेक सायकलींना पुरते.

चाक काढणं सोपं. क्विक रिलीज, म्हणजे हाताने उघडायचा खटका, असेल तर हातानेच, नट असतील तर १५ नंबरचा पाना. पेडल काढायची असतील तर डावं पेडल उलट्या आट्याचं असतं एवढं लक्षात ठेवा. हायड्रॉलिक डिस्क असेल तर चाक निघाल्या निघाल्या कॅलिपरमध्ये, म्हणजे रोटरला पकडणाऱ्या ब्रेकच्या चिमट्यात, प्लास्टिकचा स्पेसर घाला, नसेल तर जाड पुठ्ठ्याची घडी चालते. रोटर नसताना कुणी ब्रेक दाबला की पिस्टन बाहेर येतात, पॅड चिकटतात आणि हर्णैला पोचल्यावर चाक आत जात नाही.

आता खरी अवघड गोष्ट. सायकल बांधणं. मला सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला, आणि सगळ्यात चुकीचे सल्ले पण इथेच मिळतात.

ताशी ८० च्या वेगात गाडी एकदम थांबली तर आतल्या सुट्या सायकलचा जोर हा ती साधारण २५ मीटरवरून, म्हणजे आठव्या मजल्यावरून पडल्यासारखा असतो. पंधरा किलोचं लोखंड, आणि समोर तुमची आणि पोरांची डोकी. त्यामुळे बंजी कॉर्ड, म्हणजे हुकवाली रबरी दोरी, हा विषयच नको. रबर ताणलं जातं, सायकल पुढे जाते, आणि सोडताना हुक सुटून डोळ्यावर आला तर काय होईल ते सांगायला नको.

फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, पकडणारा माउंट घ्या. तुमच्या फोर्कचा ॲक्सल बघून घ्या हां, क्विक रिलीजला १०० मिमीचा साधा माउंट चालतो, थ्रू-ॲक्सल (आरपार जाणारा जाड आस) असेल तर १२ बाय १०० की १५ बाय ११० ते फोर्कवर किंवा ॲक्सलवर वाचा आणि त्याच मापाचा आणा, ‘ॲडजस्ट होईल’ म्हणणाऱ्या दुकानदाराकडून नको.

आणि हा माउंट फ्लोअरच्या प्लायला स्क्रूने मारायचा नाही! सुतार म्हणेल १८ मिमीचा प्लाय आहे, हत्ती बांधा. नुसत्या प्लायमधला स्क्रू घाटातल्या हादऱ्यांनी हळूहळू भोक मोठं करत जातो, वरून काही कळत नाही आणि एके दिवशी हातात येतो. बोल्ट प्लाय आणि गाडीचा पत्रा दोन्हींतून आरपार गेला पाहिजे. ८ मिमीचे बोल्ट, खालून ५ मिमी जाडीची लोखंडी पट्टी, त्यावर नायलॉक नट (हादऱ्यांनी सैल न होणारा). पत्र्याला मध्ये क्रॉस मेंबर, म्हणजे आडवा लोखंडी आधार, असतो, पट्टी त्याच्या जवळ आली तर उत्तम. भोक पाडायच्या आधी स्वतः गाडीखाली झोपून टॉर्चने बघा की वर कुठे डिझेल टाकी, ब्रेकचा पाइप, वायरिंग आहे. वर्कशॉपवाल्याच्या ‘मोकळं आहे साहेब’ वर विसंबू नका. भोकाच्या कडेला प्रायमर आणि सीलंट, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात प्लाय फुगतो.

सायकल गाडीच्या लांबीत उभी ठेवा, आडवी नाही. ब्रेकचा जोर माउंटने सरळ घेतला पाहिजे, आडव्या सायकलचा फोर्क त्या जोराने पिळला जातो. मग मागचं चाक गाडीच्या फ्लोअरला पट्ट्याने बांधा, पट्टा स्पोकमधून रिमभोवती घ्या, ताण स्पोकवर यायला नको. तिसरा आधार सीट पोस्टला, दोन्ही बाजूंच्या कड्यांना व्ही आकारात पट्टे. रॅचेट (खटक्याने करकचून आवळणारा पट्टा) लावायचा मोह टाळा, विशेषतः कार्बन फ्रेमला, साधा बकलचा पट्टा हाताने ओढला तेवढा बस.

क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, आडवा ठेवा. चाक नसल्यामुळे सायकलचं पुढचं टोक २०-२५ सेमी खाली येतं, उभा क्रँक असेल तर पेडल फ्लोअरला टेकतं आणि प्रत्येक खड्ड्यात ठोकत राहतं.

बांधून झालं की सीट धरून जोरात हलवा. सायकलसोबत अख्खी गाडी हलली तर काम झालं. सायकल एकटी हलली तर पुन्हा बांधा.

दुसरी सायकल असेल तर तिचं तोंड उलटं करा, हँडलं एकमेकांत अडकत नाहीत. दोघींच्या मध्ये ३५-४० सेमी लागतात. एमटीबीची हँडलं तरी भिडली तर स्टेमचे (हँडल धरणाऱ्या तुकड्याचे) हँडलवरचे बोल्ट काढून हँडल सोडवा आणि फ्रेमच्या बाजूने फिरवा, वरची कॅप उघडू नका. परत आवळताना स्टेमवर लिहिलेला टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, पाळा.

ई-सायकलची बॅटरी काढून वेगळी ठेवा, उन्हात बंद गाडीत सोडू नका, झोपताना आत चार्जिंगला लावू नका. सायकल स्वतःच २२-२५ किलोची असते, ती मागच्या चाकांच्या जितकी जवळ ठेवता येईल तितकी बरी, अगदी शेपटीला ठेवली की स्टिअरिंग हलकं लागतं. आणि गॅसचा कॉक किंवा आपत्कालीन दार सायकलीमागे जाता कामा नये, यात तडजोड नाही.

पावसाळ्यात तांबडी माती सुकल्यावर आत घेऊ असं म्हणाल तर ती सुकतच नाही. बाहेरच दोन बाटल्या पाणी आणि फडकं, चेनला जुनी बाही गुंडाळा, खाली रबरी मॅट.

निघाल्यावर पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून पट्टे एकदा ओढून बघा, नवे पट्टे सैल होतात. ताम्हिणी घाट उतरायच्या आधी परत. आणि मुक्कामी चाक लावलं की सायकलवर बसायच्या आधी पुढचा ब्रेक चार-पाच वेळा दाबा, चाक फिरवून रोटर घासतोय का ऐका, ॲक्सल घट्ट आहे का ते हाताने बघा, मगच उतारावर काढा.