सीएनसीवर विमानाच्या मॉडेलचे भाग कापताना या चुका टाळा

घरगुती सीएनसीवर (संगणकाच्या आज्ञेने कटर फिरवून कापणारे यंत्र) कापलेल्या रिबच्या (पंखाची आडवी फासळी) खाचेत स्पार (पंखाचा लांब कणा) बसला नाही, की पहिला संशय यंत्रावर जातो आणि लगेच सेटिंगमधले आकडे बदलायला सुरुवात होते. ही घाई महागात पडते, कारण दोष बहुधा फळीच्या जाडीत, कटरच्या व्यासात किंवा फळी बेडवर (यंत्राच्या सपाट पाटावर) बसवण्याच्या पद्धतीत असतो.

३ मिमी म्हणून विकत घेतलेले प्लायवुड प्रत्यक्षात २.७ किंवा ३.२ मिमीही भरू शकते, आणि एकाच फळीच्या दोन टोकांत फरक सापडतो. म्हणून प्रत्येक फळीला चारही बाजूंनी व्हर्नियर लावावा आणि फॉर्मर (विमानाच्या धडाला आकार देणारी आडवी चौकट) ज्या खाचेत बसणार ती खाच मोजलेल्या जाडीपेक्षा साधारण ०.१ मिमी रुंद ठेवावी. पांढरा गोंद वापरणार असाल, तर ओलाव्याने लाकूड थोडे फुगते, हेही हिशेबात धरावे. गोल कटरने आतला कोपरा काटकोनी निघत नाही. ३ मिमीचा कटर तेथे १.५ मिमी त्रिज्येची गोलाई सोडतो. चौकोनी स्पार त्या गोलाईवर अडतो आणि जोराने दाबला की बाल्सा या हलक्या लाकडाची रिब लाकडाच्या रेषांच्या दिशेने चिरते. अशा कोपऱ्यांत आराखड्यातच लहान गोल मोकळीक द्यावी किंवा कोपरा बारीक कानसने साफ करावा.

माप चुकल्यासारखे वाटले, तर २० मिमीचा चौकोनी तुकडा आणि तेवढेच चौकोनी भोक कापून दोन्ही मोजावेत. तुकडा लहान आणि भोक मोठे निघाले, तर कटर प्रत्यक्षात सांगितल्यापेक्षा रुंद कापतो आहे. बहुतेक वेळा कोलेटमध्ये (कटर पकडणारी पकड) अडकलेल्या भुशामुळे तो डुगडुगत असतो. याउलट तुकडा मोठा आणि भोक लहान आले, तर प्रोग्रॅममध्ये व्यास जास्त भरला आहे. दोन्ही एकाच दिशेने चुकत असतील आणि लांब मापावर चूक त्याच प्रमाणात वाढत असेल, तेव्हाच प्रति मिमी स्टेपच्या (एक मिमी सरकण्यासाठी मोटर घेते ती पावले) संख्येला हात लावावा.

आम्हा बडोदेकरांना पावसाळ्यात आणखी एक त्रास होतो. बेडवरचा एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी) दमट हवेत फुगतो, त्यामुळे जूनपूर्वी सपाट असलेल्या बेडवर ऑगस्टमध्ये एका कोपऱ्यात प्लाय आरपार कापले जात नाही. तेव्हा केवळ खोली वाढवण्याऐवजी बेड पुन्हा तासून सपाट करावा. फळी दुहेरी चिकटपट्टीने पूर्ण पृष्ठभागावर चिकटवावी. चार कोपऱ्यांना क्लॅम्प लावल्याने मधली पातळ फळी कटरबरोबर वर उचलली जाते. आधी आतल्या खाचा व भोके आणि शेवटी बाहेरची कड कापावी, तीही जोडपट्ट्या (भागाला फळीशी धरून ठेवणारे न कापलेले छोटे तुकडे) ठेवून, नाहीतर सुटलेला भाग फिरून कटरच मोडतो.

प्लायच्या कडा काळ्या पडत असतील, तर फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग) वाढवून पाहावा. मिनिटाला १०,००० फेऱ्यांवर दोन धारांचा कटर मिनिटाला १०० मिमीने चालवला, तर प्रत्येक धार जेमतेम ०.००५ मिमी कापते, म्हणजे ती लाकूड घासून तापवते. ४०० मिमीने चालवल्यास हीच कापणी ०.०२ मिमी होते.

कार्बन फायबरच्या पट्ट्या मात्र उघड्या यंत्रावर कोरड्या कापू नयेत. त्यांची धूळ फुप्फुसांना घातक असते आणि वीजवाहक असल्यामुळे कंट्रोलर बोर्डावर बसली तर तो जळू शकतो, म्हणून पट्टी उथळ ट्रेमध्ये पाण्याखाली कापावी, बोर्ड बंद पेटीत ठेवावा आणि मास्क लावूनच काम करावे.